जुन्या घराची वायरिंग: घरमालकाला स्वतः किती काम करता येते?

प्रश्न (औसा तालुका, जि. लातूर)

सर्वांना नमस्कार. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर पुनर्वसनात आमच्या कुटुंबाला दोन खोल्यांचे घर मिळाले आणि आम्ही आजही त्यातच राहतो. पुढे मागच्या बाजूला पत्रे टाकून स्वयंपाकघर आणि न्हाणीघर वाढवले, पण त्यांना लागणारी वीज जुन्याच बोर्डातून ओढलेली आहे. मूळ वायरिंग लाकडी पट्टीवरची असून तारा ॲल्युमिनियमच्या आहेत. मेन स्विचमध्ये चिनी मातीचे फ्यूज आहेत.

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे फेज, न्यूट्रल, अर्थिंग, भार यांची तोंडओळख आहे, आणि बल्ब, होल्डर, पंख्याचा रेग्युलेटर ही कामे मी नेहमी स्वतःच करतो. या उन्हाळ्याच्या सुट्टीत जुने बोर्ड बदलावेत, न्हाणीघरात गिझरचा पॉइंट काढावा, फ्यूजच्या जागी एमसीबीचा (प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणाऱ्या स्विचचा) डबा बसवावा, आणि मुलींच्या अभ्यासाच्या खोलीसाठी इन्व्हर्टरची वेगळी लाइन ओढावी, असा विचार आहे. साहित्य चांगले आणण्याची माझी तयारी आहे. मजुरीपेक्षाही, सांगितलेल्या दिवशी माणूस येत नाही, हा इथला खरा त्रास आहे.

यांतील कोणती कामे घरमालकाने स्वतः केलेली कायद्याला चालतात आणि कोणती चालत नाहीत? सगळे काम मी करून शेवटी एखाद्या परवानाधारक ठेकेदाराची सही घेतली तर ते ग्राह्य धरले जाते का? अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर १ (लातूर, परवानाधारक विद्युत ठेकेदार)

सर, आपण काम सुरू करण्याआधी विचारले हे फार बरे झाले. आमच्याकडे बहुतेक लोक भिंत तापली किंवा बोर्ड काळा पडला की मगच येतात.

घरगुती विजेच्या कामाचा नियम विद्युत अधिनियम, २००३ खाली केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने केलेल्या सुरक्षितता व वीजपुरवठाविषयक विनियमांत आहे. हे विनियम आधी २०१० चे होते, आता २०२३ चे लागू आहेत, आणि त्याही आधी हीच तरतूद भारतीय विद्युत नियम, १९५६ मधील नियम ४५ मध्ये होती. म्हणजे इतक्या वर्षांत तिचा गाभा बदललेला नाही. ती तरतूद अशी, की ग्राहकाच्या जागेतील विद्युत संचमांडणीचे कोणतेही काम, मग ते नवीन असो, वाढीव असो, फेरबदलाचे असो की दुरुस्तीचे, राज्य शासनाचा परवाना असलेल्या ठेकेदारानेच करायचे. त्यावर सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाची प्रत्यक्ष देखरेख हवी, आणि हातात पक्कड धरणाऱ्या माणसाकडेही तारतंत्री (वायरमन) म्हणून परवाना हवा.

याला जो अपवाद आहे तोच आपल्या उपयोगाचा आहे. दिवे, पंखे, फ्यूज, स्विच, २५० व्होल्टपर्यंतची घरगुती उपकरणे आणि फिटिंग्ज यांची बदली कोणालाही करता येते. अट एवढीच, की त्या बदलीने संचमांडणीची क्षमता किंवा तिचे स्वरूप यत्किंचितही बदलता कामा नये. आपली कामे या अटीवर घासून पाहा. बिघडलेला ६ अँपिअरचा स्विच काढून तसाच ६ अँपिअरचा स्विच लावणे, पंखा बदलणे, होल्डर बदलणे, फ्यूजमध्ये ठरलेल्या जाडीचीच फ्यूजतार भरणे ही सगळी बदली झाली आणि ती आपण खुशाल करावी. परंतु त्याच बोर्डावर ६ अँपिअरचा सॉकेट काढून १६ अँपिअरचा बसवला की क्षमता बदलली, कारण मागची तार तीच राहिली आणि तिच्यावर गिझर लावण्याची मात्र सोय झाली. गिझरचा नवा पॉइंट ही सरळसरळ वाढ आहे. फ्यूज काढून एमसीबीचा डबा बसवणे हा स्वरूपातील बदल आहे, आणि इन्व्हर्टरची वेगळी लाइन तर दोन्ही आहे. म्हणजे आपल्या यादीतील जुने बोर्ड आहेत तसेच बदलणे एवढेच आपल्या हातचे, बाकी तिन्ही कामे परवानाधारकाची.

सहीबद्दल स्पष्टच लिहितो. चाचणी अहवालावर सही करणारा ठेकेदार, हे काम माझ्या परवान्याखाली आणि माझ्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली झाले, असे लिहून देत असतो. न पाहिलेल्या कामावर सही देणारे लोक आहेत, हे मी नाकारत नाही; पण तो कागद खोटा असतो, आणि उद्या अपघात होऊन विद्युत निरीक्षक चौकशीला आले तर तो ना आपल्याला वाचवतो ना त्याला.

मीटर आणि मीटरपर्यंतची सर्व्हिस वायर महावितरणची, तिथून पुढची वायरिंग आपली जबाबदारी. मीटरचे सील किंवा त्याआधीचा कटआउट यांना हात लावणे हा वेगळा आणि गंभीर विषय आहे. तिथे हेतू चांगला होता हे सांगून भागत नाही.

उत्तर २ (गेवराई तालुका, जि. बीड)

लातूरच्या ठेकेदारांनी नियम बरोबर सांगितला आहे, परंतु तो वाचताना खेड्यातला माणूस हसेल. आमच्या वस्तीवर एक पॉइंट काढण्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणाहून परवानाधारक ठेकेदार, त्याचा पर्यवेक्षक आणि तारतंत्री असे तिघे येतील, हे कोणी पाहिले आहे का? प्रत्यक्षात एखाद्या मिस्त्रीच्या हाताखाली काम शिकलेला गावातलाच मुलगा मोटारीच्या स्टार्टरपासून लग्नाच्या मांडवापर्यंत सगळे पाहतो. परवाना त्याच्याकडे नसतो, पण रात्री नऊ वाजता हाक मारली तरी तो येतो. नव्या जोडणीसाठी लागणारा टेस्ट रिपोर्ट कसा मिळतो हेही सर्वांना ठाऊक आहे.

माझे म्हणणे असे नाही की नियम नसावा. पण ज्याला विज्ञान कळते, जो आयएसआय चिन्हाचे साहित्य आणतो आणि सावकाश, काळजीपूर्वक काम करतो, अशा शिक्षकाच्या हातचे काम घाईत चार घरे उरकणाऱ्या मिस्त्रीच्या कामापेक्षा वाईट असेल, हे मला पटत नाही. नियमाने परवाना पाहिला, काम कुठे पाहिले?

उत्तर ३ (परभणी, निवृत्त विद्युत अभियंता)

गेवराईच्या मित्रांचा आक्षेप रास्त आहे आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. विशेषतः शेवटचा प्रश्न. परंतु त्याचे उत्तर नियमातच आहे, फक्त आपण ते मागून घेत नाही. वायरिंग पूर्ण झाल्यावर तिची चाचणी व्हावी लागते. प्रत्येक सजीव (वीज वाहणारी) तार आणि अर्थ यांच्यात ५०० व्होल्टचा डीसी दाब एक मिनिट देऊन इन्सुलेशनचा रोध मोजायचा आणि तो १ मेगओहमपेक्षा कमी येता कामा नये. हे काम मेगर या रोध मोजण्याच्या यंत्राशिवाय होत नाही, आणि मेगर ना शिक्षकाच्या घरी असतो ना गावातल्या मुलाच्या पिशवीत. काळजी आणि सचोटी दोघांकडेही असू शकते, पण प्लास्टरखाली कुठे तारेची साल सोलली गेली आहे हे काळजीने दिसत नाही.

आता औशाच्या सरांच्या घराविषयी. त्यांनी दिलेल्या वर्णनात मला सर्वांत जास्त खटकली ती ॲल्युमिनियमची जुनी तार. नव्या लाइनसाठी बाजारातून तांब्याची तार येणार, आणि ती जुन्या ॲल्युमिनियमला कुठेतरी पीळ देऊन जोडली जाणार, वर काळी टेप. ॲल्युमिनियमवर हवेने चटकन ऑक्साइडचा थर चढतो आणि तो थर वीज नीट वाहू देत नाही. शिवाय दोन्ही धातू तापल्यावर वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात, त्यामुळे पीळ हळूहळू सैल पडतो. अशा सांध्याचा रोध अर्धा ओहम जरी झाला, तरी २ किलोवॅटचा गिझर सुमारे ९ अँपिअर प्रवाह घेत असताना त्या एका सांध्यात ४० वॅट उष्णता तयार होते. सोल्डरिंग आयर्न साधारण तेवढेच तापते, आणि आपल्याकडे ते लाकडी पट्टीला टेकलेले असेल. एमसीबी यावर पडणार नाही, कारण प्रवाह ९ अँपिअरच आहे, वाजवीपेक्षा जास्त नाही. म्हणून माझा सल्ला असा, की जुन्या वायरिंगला जोड देऊन काहीही वाढवू नये. गिझरला मेन बोर्डापासून ४ चौ.मि.मी. तांब्याची स्वतंत्र लाइन ओढावी, तिच्यात मध्ये कुठेही सांधा नसावा, आणि तिचा स्विच न्हाणीघराच्या बाहेर असावा. जुन्या दोन खोल्यांची वायरिंगही जमेल तेव्हा पूर्णच काढून नवी करावी. दिव्यांच्या एका सर्किटवर जास्तीत जास्त दहा पॉइंट किंवा ८०० वॅट हे प्रमाण घरगुती वायरिंगच्या प्रचलित पद्धतीत धरले जाते, तेही सांभाळावे.

दुसरी गोष्ट अर्थिंगची. मराठवाड्यात हा विषय पुस्तकात असतो त्यापेक्षा अवघड होतो. आपली काळी माती ओली असताना उत्तम अर्थ देते, परंतु एप्रिल-मेमध्ये तिला हातभर भेगा पडतात आणि माती पुरलेल्या पाइपापासून अक्षरशः सुटून बाजूला होते. अनेक ठिकाणी थोड्याच खोलीवर मुरूम आणि खाली काळा पाषाण लागतो, त्यामुळे अडीच मीटरचा पाइप पूर्ण न पुरता कापून बसवलेला मी पाहिला आहे. समजा अशा अर्थिंगचा रोध २० ओहम आहे आणि गिझरच्या आत बिघाड होऊन फेज त्याच्या पत्र्याला लागला. २३० भागिले २० म्हणजे साडेअकरा अँपिअर प्रवाह जमिनीत जाईल. हा प्रवाह १६ अँपिअर ओलांडत नाही म्हणून १६ अँपिअरचा एमसीबी शांत बसेल, आणि गिझरचे अंग, नळ, नळातून येणारे पाणी हे सगळे सजीव राहील. अर्थिंग आहे, एमसीबी आहे, तरी न्हाणीघरातला माणूस सुरक्षित नाही.

यावरचा उपाय आरसीसीबी. ते उपकरण फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला प्रवाह यांतील फरक पाहते आणि तो मर्यादेबाहेर गेला की पुरवठा तोडते. घरगुती जोडणीसाठी विनियमांनी घातलेली मर्यादा ३० मिलीअँपिअरची आहे, म्हणजे वरच्या उदाहरणातील साडेअकरा अँपिअर सोडाच, अर्थिंगचा रोध १०० ओहम असला तरी ते तत्काळ पडेल. ज्या भागात जमीन वर्षातले चार महिने कोरडीठाक असते, तिथे मी आरसीसीबीला एमसीबीइतकेच अनिवार्य मानतो. मात्र फेज आणि न्यूट्रल या दोहोंना एकाच वेळी हात लागला तर तेही वाचवू शकत नाही, हे विसरू नये. त्यावर टेस्टचे बटण असते. ते महिन्यातून एकदा दाबून पाहावे.

आणि इथेच स्वतः केलेल्या किंवा अर्धवट शिकलेल्या हाताने केलेल्या कामाची परीक्षा होते. आरसीसीबी बसवला आणि तो सारखा पडू लागला अशी तक्रार जुन्या घरांत हमखास येते. कारण बहुधा असे असते, की एका सर्किटचा फेज आणि दुसऱ्याच सर्किटचा न्यूट्रल अशी जोडणी कोणीतरी सोयीसाठी केलेली असते, किंवा न्यूट्रल कुठेतरी अर्थला चिकटलेला असतो. काही ठिकाणी न्यूट्रल तुटल्यावर दिवा अर्थिंगवर लावून वेळ भागवलेली असते आणि तीच व्यवस्था कायम झालेली असते. उपकरण आपले काम चोख करत असते, परंतु मिस्त्री म्हणतो, ‘हे खराब आहे,’ आणि तारा थेट जोडून टाकतो. हा दोष शोधायला सर्किट एकेक करून सोडवावे लागते. त्याला दिवस जातो, आणि त्या दिवसाची मजुरी देण्याची तयारी घरमालकाने ठेवली पाहिजे.

एक सूचना टेस्टरबद्दल, कारण विज्ञान शिकलेले लोकही त्यावर भरवसा ठेवतात. सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर लागतो आणि तरीही दिवा लागत नाही, असा प्रकार दिसला तर दोन फेज आले असे समजू नये. बहुधा मागे न्यूट्रल तुटलेला असतो आणि चालू असलेल्या एखाद्या उपकरणातून फेज त्या तारेवर परत आलेला असतो. ती काळी, म्हणजे न्यूट्रलची, तार आहे म्हणून तिला हात लावणारे लोक दगावलेले आहेत.

प्रश्नकर्त्याचे प्रत्युत्तर

सर्वांचे आभार. परभणीच्या सरांनी दिलेले २० ओहमचे उदाहरण मी वर्गातही मांडणार आहे, कारण अर्थिंग असले म्हणजे झाले असेच मी आजवर धरून चाललो होतो. गिझर, एमसीबी आणि इन्व्हर्टर ही तिन्ही कामे परवानाधारकाकडून करून घेण्याचे ठरवले आहे.

आता दोन शंका उरतात. मेन स्विच बदलताना मीटरकडून येणारी तार चालूच असणार, तर ती बंद कोणी करायची? आणि इन्व्हर्टरच्या बाबतीत एवढी काळजी का सांगितली जाते? तो तर बॅटरीवर चालतो.

उत्तर १ चे पुढील उत्तर (लातूर)

मेन स्विच बदलण्यासाठी पुरवठा खांबावरून बंद करावा लागतो आणि ते काम महावितरणच्या कर्मचाऱ्याचेच आहे. कार्यालयात अर्ज देऊन वेळ ठरवून घ्यावी. १९१२ या क्रमांकावरही तक्रार व विनंती नोंदवता येते. ओळखीच्या लाइनमनला तोंडी सांगून डीपीवरून (ट्रान्सफॉर्मरजवळच्या फ्यूजपेटीतून) फ्यूज काढून घेणे ही आपल्याकडची रूढ पद्धत आहे, पण ती टाळावी. डीपीवर कोणी काय काढले याची नोंद नसते, आणि लाइट गेली म्हणून वैतागलेला दुसराच कोणी जाऊन फ्यूज परत लावतो.

इन्व्हर्टरची भीती बॅटरीची नाही. त्याच्या तोंडाशी पुन्हा २३० व्होल्टच असतात. जोडणी चुकली तर हे २३० व्होल्ट घरातून उलटे सर्व्हिस वायरवर आणि तिथून डीपीवर जाऊ शकतात, आणि ट्रान्सफॉर्मर उलट्या बाजूनेही काम करत असल्यामुळे पलीकडच्या ११ केव्हीच्या तारांवर जीवघेणा दाब तयार होतो. लाइन बंद आहे असे समजून खांबावर चढलेला माणूस त्या दाबाखाली सापडतो. जनरेटरच्या बाबतीत हा धोका आणखी मोठा आहे, कारण दोन्ही टोकांना पिना लावलेली वायर करून जनरेटरची वीज सॉकेटमधून घरात सोडण्याचा प्रकार लग्नसराईत सर्रास चालतो. म्हणून पर्यायी पुरवठा आणि महावितरणचा पुरवठा एकाच वेळी कधीही जोडले जाणार नाहीत अशी चेंजओव्हरची व्यवस्था हवी. इन्व्हर्टरच्या लाइनचा न्यूट्रलही ठेकेदाराशी बोलून आधीच ठरवावा, नाहीतर आरसीसीबी पडण्याची तक्रार पहिल्याच रात्री सुरू होईल.

मंजूर भाराचेही एकदा पाहून घ्या. पुनर्वसनातील जोडण्या बहुधा दिवे-पंख्यांपुरत्याच घेतलेल्या असतात. गिझर लावण्याआधी वीजबिलावर छापलेला मंजूर भार वाचा आणि तो अपुरा असेल तर वाढीव भारासाठी अर्ज करा. त्या अर्जालाही चाचणी अहवाल जोडावा लागतो, म्हणजे एकाच अहवालात दोन्ही कामे होतील.

उत्तर २ चे पुढील उत्तर (गेवराई)

मेगरचा मुद्दा मला मान्य आहे. मग एक व्यवहार्य मार्ग सुचवतो. आमच्यासारख्या वस्त्यांवर दहा-बारा घरांनी मिळून एकाच ठेकेदाराला बोलावले तर त्याला येणे परवडते. गावातल्या मुलालाही आयटीआयचा तारतंत्री किंवा विजतंत्री अभ्यासक्रम करायला लावून परवाना काढून दिला, तर पुढचा प्रश्नच मिटतो. परवाना खरा की खोटा हे मात्र सामान्य माणसाने कसे ओळखायचे?

उत्तर ३ चे पुढील उत्तर (परभणी)

परवान्यावर क्रमांक आणि वैधतेची मुदत असते, आणि तो दाखवायला सांगणे हा आपला हक्क आहे. चांगला ठेकेदार त्याचा राग मानत नाही. शंका आली तर जिल्ह्याच्या विद्युत निरीक्षक कार्यालयात तो क्रमांक देऊन विचारता येते. मुलाला परवाना काढून देण्याची सूचना मला फार आवडली. तोपर्यंत त्याने परवानाधारक ठेकेदाराच्या हाताखाली काम केले तर त्याला अनुभवही मिळेल.

औशाच्या सरांनी अर्थिंगची मोजणी शक्यतो मे महिन्यातच, जमीन पूर्ण वाळलेली असताना करून घ्यावी आणि चाचणी अहवालात तो आकडा तारखेसह लिहून घ्यावा. पावसाळ्यात घेतलेला आकडा कोणाचाही चांगलाच येतो.